आधी दुभाष्याचे नाव

दशांशताई. जन्म १९६१, कापडगिरणीच्या रंगविभागात आज्ञावलीलेखिका म्हणून सेवा, १९८७ ते २०१९. त्यांचे पूर्ण नाव चार शब्दांचे आणि भारदस्त होते; परंतु हजेरीपटाबाहेर ते सहसा पडले नाही. निवृत्तीच्या समारंभात ते एकदा मोठ्याने वाचले गेले, तेव्हा मागच्या रांगेत ‘या कोण बुवा?’ अशी कुजबुज झाली, आणि ‘अहो, आपल्या दशांशताई’ असा खुलासा झाल्यावरच टाळ्या पडल्या. सबब येथेही तेच नाव चालवणे योग्य होय.

हे नाव ठेवले रंगमास्तरांनी. ताई गिरणीत रुजू झाल्या त्या पहिल्याच आठवड्यात रंगांची प्रमाणे यंत्रात घालण्यासाठी त्या वही-पेन्सिल घेऊन रंगखोलीत उतरल्या. मास्तर त्या वेळी ऐन उमेदीत होते. पिवळ्याच्या एका छटेला लाल किती घालता, असे ताईंनी विचारले. मास्तर म्हणाले, वीस-बावीस ग्रॅम. ताईंनी विचारले, वीस की बावीस? मास्तरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि तडजोड म्हणून एकवीस सांगितले. त्यावर ताई गंभीरपणे म्हणाल्या, की हा तर तिसराच आकडा झाला. रंगखोलीत हशा उसळला. ‘या दशांशताई आता आपल्याला चमच्याने मोजून श्वास घ्यायला लावणार,’ असे मास्तर म्हणाले, आणि नाव चिकटले ते कायमचे. ताईंना त्याचा राग आला नाही. त्यांच्या मते ती पदवी होती.

मोजण्याची ही आवड घरचीच. वडील औषधविक्रेते, पितळी तराजूत चिमूटभर पूड तोलताना ते श्वास रोखून धरीत, आणि धाकटी लेक शेजारी उभी राहून आपलाही श्वास रोखी. थोरलीला तराजूचे मुळीच आकर्षण नव्हते. घर बंदराजवळ होते. दुकानात नाना देशांचे खलाशी येत, आणि थोरली गल्ल्यामागे बसून प्रत्येकाची भाषा उचली. वडील म्हणत, एकीने आकडे घेतले, दुसरीने जिभा घेतल्या, मला मात्र काही शिल्लक ठेवले नाही. पुढे थोरली न्यायालयात दुभाषी झाली. ताई तिला अक्का म्हणत. अक्का धाकटीला ‘धाकटे’ म्हणे, आणि धाकटीने साठी ओलांडली तरी तिचे ते चालूच राहिले.

आता रंगखोलीविषयी. ती तळमजल्यावर होती. जमीन सदा ओली, भिंती कमरेपर्यंत निळ्या-तांबड्या, आणि ओळीने लोखंडी कुंडे. उत्तरेकडे एकच मोठी खिडकी. कुंडातून निघालेले कापड मास्तर त्या खिडकीच्या उजेडात नमुन्याशेजारी धरीत. दिव्याच्या उजेडावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. छटा पहिल्याच खेपेला जुळली, तर ते ढवळण्याची सळई कुंडाच्या काठावर एकदाच ठोकीत. तो ठोका दोन मजले वर, ताईंच्या खोलीतही ऐकू येई. ताई हातातले काम न थांबवता मान हलवीत. असा ठोका बहुतेक दररोज पडे.

ताईंची आज्ञावली, जिला गिरणीतले सर्वजण प्रोग्राम म्हणत, ती सकाळी गिरणी उघडण्यापूर्वी आपोआप चाले. त्या दिवशी किती किलो कापड कोणत्या रंगात काढायचे हे पाहून ती रंगाचे वजन काढी, आणि चिठ्ठी थेट रंगखोलीतल्या छपाईयंत्रातून बाहेर पडे. मास्तर चिठ्ठीप्रमाणे रंग तोलीत. चिठ्ठी ओल्या हातांनी हाताळली जाई, तासाभरात तिचा लगदा होई, आणि ती कुंडाखालच्या गटारात जाई. इतकी वर्षे तिची आठवण ठेवण्याचे कोणालाही कारण पडले नव्हते.

निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असता ताईंनी ही आज्ञावली नव्याने लिहिली. जुनी काही वाईट नव्हती, पण तिला इतकी ठिगळे लागली होती की खुद्द ताईंनाच ती वाचवेना. येथे वाचकाच्या सोयीसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आज्ञावली ही माणसाला वाचता येईल अशा ओळींत लिहिलेली असते. यंत्राला त्या ओळी कळत नाहीत. म्हणून यंत्रात इंटरप्रिटर बसवलेला असतो. तो एकेक ओळ वाचतो आणि यंत्राकडून तसे काम करवून घेतो. त्या वर्षी ताईंच्या भाषेचा नवा इंटरप्रिटर आला होता. जुना काढून टाकता आला नाही, कारण पगाराचा हिशेब त्याच्याच हातून होई. तेव्हा एकाच यंत्रात दोघे नांदू लागले. आणि एका घरातल्या दोन चुलत भावांचे नाव एकच असावे, तसे दोघांचे हाक मारण्याचे नावही एकच होते. ताईंनी नवी आज्ञावली नव्यासाठी लिहिली, आपल्या टेबलावर तपासली, पहिल्या ओळीत ‘मला अमुक नावाच्या इंटरप्रिटरकडून वाचून घ्या’ असे लिहिले, आणि समाधानाने एक कप चहा घेतला.

त्यानंतर निळा फिका येऊ लागला.

रोज नव्हे. दोन दिवस निळा चोख येई, ठोका पडे, सर्वांचा जीव भांड्यात पडे. तिसऱ्या दिवशी कापड असे फिकट निघे की जणू वर्षभर उन्हात वाळत पडले होते. पुढे हिरवाही फिका झाला, करडाही. पाठवलेला माल परत येऊ लागला. ठोके तुटक झाले आणि मग बंदच पडले, कारण मास्तरांचा हात सळईकडे जायला कचरू लागला.

व्यवस्थापक हे मनाने वाईट नव्हते. ते नुकतेच आले होते, आणि परत आलेल्या मालाचे ढीग त्यांच्या दारासमोर रचले जात होते. त्यांनी प्रथम ताईंना विचारले. ताईंनी त्याच दिवशीच्या कापडाचे वजन घालून आपल्या टेबलावर आज्ञावली चालवली: एकशे तीस किलो कापड, निळा एक किलो तीनशे ग्रॅम. हाताने केलेला हिशेबही तोच आला, आणि त्याखाली त्यांनी सही केली. मग मास्तरांना विचारले. मास्तर म्हणाले, सकाळच्या चिठ्ठीत एक किलो होते, तेवढेच तोलले. चिठ्ठी कुठे आहे? चिठ्ठी गटारात. व्यवस्थापकांनी ताईंकडे पाहिले, ताईंनी आपल्या कागदाकडे पाहिले, आणि मास्तरांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला आहे हे डॉक्टरांचे म्हणणे सर्वांना एकाच वेळी आठवले.

आणखी दोनदा तसेच झाले. दोन्ही वेळा ताईंनी आपल्या टेबलावर पडताळा घेतला, दोन्ही वेळा उत्तर चोख आले, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते आपल्या सहीनिशी दिले. यानंतर व्यवस्थापकांनी ठरवले, की येत्या बुधवारपासून मास्तरांनी घडीखात्यात बसावे. पगार तोच, मान तोच, फक्त काम कापडाच्या घड्या मोजण्याचे. रंगखोलीत तरुण माणूस येईल. मास्तरांना हे त्यांनी अतिशय सौम्यपणे सांगितले, आणि म्हणूनच ते अधिक लागले.

त्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मास्तर दोन मजले चढून ताईंच्या खोलीत आले. इतक्या वर्षांत ते वर आल्याचे कोणाला आठवत नव्हते. त्यांनी बसायला नकार दिला, कारण त्यांच्या कपड्यांचा रंग खुर्चीला लागला असता.

“ताई, मी भांडायला आलो नाही,” ते म्हणाले. “डोळा अधू झालाय, ते मलाही कळतं. दूरचा माणूस धूसर दिसतो. पण एक आणि एक पूर्णांक तीन यातला फरक मला अजून दिसतो. तुमच्या जुन्या चिठ्ठीत ते टिंब असायचं. हल्ली येत नाही.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“पहिल्या दिवशी वाटलं, नवा रंग जास्त जोमाचा असेल. दुसऱ्या दिवशी बोललो, तर साहेब म्हणाले चिठ्ठीप्रमाणे चाला. चाललो.” दारापर्यंत जाऊन ते वळले. “ज्यांनी मला वीस की बावीस म्हणून पिडलं, त्यांच्याच चिठ्ठीतला दशांश नाहीसा व्हावा, याची गंमत वाटते हो.”

ते गेल्यावर ताईंनी तिन्ही पडताळ्यांचे कागद पुन्हा काढून पाहिले. आपल्या तीन सह्यांनी या माणसाला खिडकीपासून उचलून घडीखात्यात नेऊन ठेवले, ही गोष्ट त्यांना झोंबली. मास्तर खोटे बोलणारे नव्हते. पण मग आज्ञावली खोटे बोलते म्हणावे, तर ती त्यांच्यासमोर दर वेळी खरे बोलत होती. अखेरीस त्यांना इंटरप्रिटरचा संशय आला. त्या यंत्रकक्षात गेल्या. तेथल्या प्रमुखांना सर्वजण ‘काळजीनको’ म्हणत, कारण प्रत्येक तक्रारीला त्यांचे पहिले उत्तर तेच असे. त्या नावाने हाक मारल्यावर कोणता इंटरप्रिटर उठतो, असे ताईंनी त्यांना विचारले. काळजीनकोंनी कळफलकावर बोटे फिरवली, यंत्रालाच तो प्रश्न घातला, आणि पडद्याकडे बोट दाखवले. नवा. ताईंच्या टेबलावरून विचारले. नवाच.

“बघा, काळजी नको,” ते म्हणाले. “यंत्र स्वतः सांगतंय. आता म्हाताऱ्या माणसाचा डोळा, त्याला आपण काय करणार?”

ताई घरी गेल्या त्या कपाळावर आठी घेऊनच, आणि शनिवार उलटला तरी ती आठी उतरली नाही.

रविवारी दुपारी अक्का आली. ती दर रविवारी येई, धाकटीच्या स्वयंपाकघरात बसून वाटाणे सोली, आणि आठवड्याभरातल्या न्यायालयीन गमती सांगे. ताईंचे यजमान शाळेत भूगोल शिकवीत. तेही वर्तमानपत्र घेऊन तेथेच बसत. त्या दिवशी मात्र धाकटी बोलेना. यजमान म्हणाले, की दोन दिवस घरात ढगाळ हवामान आहे, किनाऱ्यावरील नौकांनी सावध राहावे. अक्काने हसून विषय काढून घेतला, आणि ताईंनी सगळी हकीकत सांगितली. निळा, चिठ्ठी, टिंब, तीन सह्या, घडीखाते.

अक्काने आणखी एक शेंग फोडली. मग तिने आपलीच एक गोष्ट सुरू केली. बंदरात दोन नौकांची टक्कर झाली होती. एका परदेशी खलाशाची साक्ष दोन वेगवेगळ्या दिवशी झाली, आणि दोन्ही दिवशीचे म्हणणे एकमेकांशी जुळेना. वकील त्याच्या अंगावर धावून गेले, न्यायाधीश संतापले, आणि तो बिचारा रडकुंडीला येऊन सांगत होता, की आपण दोन्ही वेळा एकच बोललो. सर्वजण त्या माणसालाच उलटेपालटे तपासत होते.

“मग मी उभी राहिले,” अक्का म्हणाली. “म्हटलं, साक्षीदार तोच आहे, प्रश्नही तोच आहे, पण पहिल्या दिवशी दुभाषी मी नव्हते. आधी ते तरी विचारा.”

“हे आधीच नोंदलेलं नसतं का?”

“नोंदायलाच हवं. म्हणून तर आमच्यात रीत आहे. साक्षीदाराच्या तोंडचा पहिला शब्द उच्चारण्याआधी दुभाष्याने उभं राहून स्वतःचं नाव सांगायचं. त्या दिवशी कोणीतरी घाईत ते गाळलं, आणि एवढं रामायण झालं.”

ताईंच्या हातात वाटाण्याची शेंग तशीच राहिली.

“अक्का, नाव तूच सांगतेस? शिपाई नाही सांगत?”

“शिपाई काय सांगणार, कपाळ? त्याला विचारशील तर आज कोणाची पाळी आहे ते सांगेल. प्रत्यक्षात उभं कोण राहिलं, ते उभं राहणाऱ्यानेच सांगायचं असतं, धाकटे. आणि त्या खोलीत, त्या वेळी.”

ताई उठल्या. त्यांनी अक्काच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटे मोडली, जे त्यांनी जन्मात कधी केले नव्हते, आणि त्या बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या. यजमानांनी वर्तमानपत्रामागून हवामान निवळल्याचे जाहीर केले.

गोष्ट आता त्यांना काचेसारखी स्वच्छ दिसत होती. काळजीनकोंनी यंत्राला विचारले ते दिवसा, टेबलावर बसून. आणि यंत्राने टेबलापुरते खरे उत्तर दिले. हाक मारली की इंटरप्रिटर शोधायला यंत्र आपल्या आतली काही ठरावीक कपाटे क्रमाने धुंडाळते. ताईंच्या टेबलासाठी त्या क्रमात नव्याचे कपाट पहिले होते. ते त्यांनी स्वतःच तसे लावून घेतले होते आणि विसरून गेल्या होत्या. परंतु सकाळी आज्ञावली चालवणारे टेबल नव्हते, ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारे यंत्रातले घड्याळ होते. घड्याळाजवळ मोजकीच जुनी कपाटे होती. तेथे त्याच नावाने कोण उठत असेल, हे टेबलावरून कितीही विचारले तरी कळणार नव्हते. ते आज्ञावलीनेच, चालत असताना, आपल्याला वाचणाऱ्याला विचारायला हवे होते: बाबा रे, तू कोण, आणि कुठल्या कपाटातून आलास?

सोमवारी त्यांनी आज्ञावलीत एकच ओळ वाढवली. जो इंटरप्रिटर ही आज्ञावली वाचत असेल, त्याने चिठ्ठीच्या माथ्यावर प्रथम स्वतःचा संपूर्ण पत्ता छापावा, आणि मगच रंगाचे बोलावे. बाकी एका अक्षराला त्यांनी हात लावला नाही. सुधारणा करण्याचा मोह झाला, पण त्यांनी तो आवरला. साक्षीदाराला पढवणे त्यांना मान्य नव्हते. मंगळवारीही एकशे तीस किलोच कापड निघायचे होते; तेवढ्यावर ती टेबलावर चालवून पाहिली. माथ्यावर नव्याचा पत्ता आला, खाली एक किलो तीनशे ग्रॅम. हे अपेक्षितच होते.

मंगळवारी सकाळी गिरणीचे दार उघडताच त्या रंगखोलीत हजर होत्या. मास्तर आपली सळई आणि खिडकीजवळचा जुना नमुनासंच पेटीत भरत होते, कारण उद्यापासून ते घडीखात्याचे होते. छपाईयंत्रात चिठ्ठी तयार होती. ताईंनी ओल्या जमिनीवरून चपला भिजवत जाऊन ती उचलली. माथ्यावर जुन्याचा पत्ता होता. खाली, एकशे तीस किलो कापडाला, निळा एक किलो.

ताई हसल्या. इतक्या मोठ्याने हसल्या की कुंडांवरचे कामगार वळून पाहू लागले. इंटरप्रिटर बदलला की एका बारीक बाबतीत गणित बदलत होते. या निळ्याचे प्रमाण शंभर किलो कापडाला एक किलो; तेव्हा एकशे तीसला शंभराने भागा म्हटले, तर नवा एक पूर्णांक तीन दशांश म्हणे. जुना पूर्ण संख्येला पूर्ण संख्येने भागताना पुढचे सारे गिळून टाकी आणि नुसते ‘एक’ म्हणे. म्हणजे कापड शंभर किंवा दोनशे किलोचे असले तर दोघांचे उत्तर सारखे, निळा चोख. मध्येच कुठे असले की रंग कमी. म्हणूनच फिकेपणा कधी येई, कधी न येई, आणि सर्वांना तो म्हाताऱ्या डोळ्याचा लहरीपणा वाटे.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “पेटी उघडा. टिंब सापडलं.”

मास्तरांनी चिठ्ठी नाकाजवळ धरून वाचली, डावा डोळा मिटून उजव्याने आणि उजवा मिटून डाव्याने. “दोन्ही डोळ्यांना एकच दिसतंय,” ते म्हणाले. “म्हणजे कोणाच्या घरी चोरी झाली होती? दशांशताईंच्याच?”

“माझ्याच. आणि आळ तुमच्यावर.”

ताईंनी व्यवस्थापकांना वर भेटण्याऐवजी खालीच बोलावले, काळजीनकोंसह. दोघेही आपल्या स्वच्छ बुटांची काळजी घेत, भिंतीच्या कडेने आले. ताईंनी त्यांच्या हातात दोन चिठ्ठ्या दिल्या, एक टेबलावरची, एक घड्याळाची, आणि दोन्हींच्या माथ्यावरचे पत्ते दाखवले. चूक मास्तरांच्या डोळ्याची नसून आपली आहे, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले. व्यवस्थापक गोंधळले. त्यांनी विचारले, की तुम्ही तर तीनदा तपासले होते.

“तपासलं होतं,” ताई म्हणाल्या. “आणि तिन्ही वेळा माझ्या टेबलावर, माझ्या इंटरप्रिटरकडून. मी ज्याला विचारत होते तो खरंच सांगत होता, साहेब. सकाळी इथे बोलणारा मात्र दुसराच होता. मी त्याला नाव कधी विचारलंच नाही.”

काळजीनकोंनी घसा खाकरला. आपणही यंत्राला विचारले होते, असे ते पुटपुटले. ताईंनी त्यांना दुखवले नाही. तुम्ही विचारले ते बरोबरच होते, फक्त शिपायाला विचारले, एवढेच त्या म्हणाल्या. काळजीनकोंना ते कळले नाही, पण अपमान झाला नाही इतके कळले, आणि ते लगेच मदतीला लागले.

दुरुस्ती लहान होती. पहिल्या ओळीत नुसत्या नावाने हाक मारण्याऐवजी ताईंनी नव्या इंटरप्रिटरचा संपूर्ण पत्ता लिहिला, म्हणजे कोणत्याही कपाटात न शोधता तोच उठेल. शिवाय वाचणारा तो नसेल, तर चिठ्ठी अजिबात छापू नये, अशी अट घातली. मग काळजीनको कौतुकाने टेबलावर चालवून पाहायला निघाले, तेव्हा ताईंनी त्यांचे मनगटच धरले. टेबल पुरे झाले, आता घड्याळालाच चालवू द्या. त्यांनी घड्याळाची वेळ अलीकडे आणून ठेवली, आणि सर्वजण छपाईयंत्राभोवती, यंत्र व्यायला आल्यासारखे, वाट पाहत उभे राहिले.

चिठ्ठी आली. माथ्यावर नव्याचा पत्ता. खाली, निळा: एक किलो, टिंब, तीनशे.

मास्तरांनी पेटीतून सळई काढली. त्या दिवशी रंग त्यांनी स्वतः तोलला. तराजूचा काटा थांबेपर्यंत ताईंनी आपल्याही नकळत श्वास रोखून धरला होता. कापड कुंडात गेले. वाफ चढली, काचा धुरकटल्या, व्यवस्थापकांच्या बुटांवर निळे थेंब उडाले आणि ते पुसायचे त्यांना सुचले नाही. अखेर मास्तरांनी कापडाचे टोक बाहेर ओढले, पिळले, आणि खिडकीकडे चालू लागले. उत्तरेच्या उजेडात त्यांनी ते नमुन्याशेजारी धरले. ताई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या, आणि व्यवस्थापक ताईंच्या.

मास्तर कुंडाकडे परतले, सळई उचलली, आणि काठावर एकदा ठोकली.

तो ठोका दोन मजले वर गेला. मागच्या कितीतरी आठवड्यांत तो कोणी ऐकला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या हिशेबनीसांनी मान वर केली, घडीखात्यातले लोक दारात आले. मग शेजारच्या कुंडावरच्या कामगाराने आपली सळई ठोकली, त्याच्या पलीकडच्याने आपली, आणि रीत मोडून साऱ्या रंगखोलीतली कुंडे वाजली. मास्तरांनी रागाने सर्वांकडे पाहिले, कारण ठोका फक्त छटा पाहणाऱ्याचा हक्क असतो. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिल्याने तो राग कोणाच्या फारसा लक्षात आला नाही.

व्यवस्थापकांनी तेथेच, ओल्या बुटांत उभे राहून, घडीखात्याचा हुकूम मागे घेतला. मास्तरांना ते म्हणाले, की मी तुमच्या डोळ्याविषयी चुकीचे बोललो, ते मागे घेतो. मास्तर म्हणाले, की डोळा खरोखरच अधू आहे, साहेब, तेवढे मागे घेऊ नका. मला शस्त्रक्रियेसाठी रजा हवी आहे. रंगखोली पुन्हा हसली, आणि रजा मिळाली.

रविवारी ताईंनी हे सर्व अक्काला सांगितले. त्या निळ्या कापडाचा एक तुकडाही त्यांनी तिला दाखवायला आणला होता. अक्काने तो उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारले, “मग? त्या तुझ्या सकाळच्या दुभाष्याला शिक्षा काय झाली?”

“शिक्षा कशाची? पगाराचं काम तो चोख करतो. त्याचं फक्त नाव वेगळं ठेवलं.”

“शहाणी आहेस,” अक्का म्हणाली, आणि वाटाणे पुढे ओढले.

पुढे काय ठरले ते थोडक्यात सांगायचे. जुन्या इंटरप्रिटरला त्याचे स्वतंत्र नाव मिळाले. गिरणीत जी आज्ञावली आपोआप चाले, तिने काहीही बोलण्यापूर्वी आपल्याला वाचणाऱ्याचा पत्ता छापला पाहिजे, असा नियम झाला. तो ताईंनी लिहिला आणि काळजीनकोंनी यंत्रकक्षाच्या दारावर लावला. त्यांच्या तोंडी तेव्हापासून ‘आधी नाव’ हे शब्द बसले, आणि काळजी नको म्हणणे पुष्कळ कमी झाले. मास्तरांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली. पांढऱ्यात इतका निळा असतो हे आपल्याला इतकी वर्षे कोणी सांगितले का नाही, अशी त्यांची तक्रार होती. वय होईपर्यंत ते उत्तरेच्या खिडकीपाशीच राहिले, आणि ताई निवृत्त झाल्या त्याच वर्षी तेही झाले.

निरोपाच्या दिवशी त्यांनी ताईंना एक कापड दिले. ते त्यांनी चिठ्ठीशिवाय, केवळ डोळ्याने रंगवले होते. पिवळ्यात किंचित तांबूस, पहाटेच्या उजेडासारखे. ताईंनी ते आपल्या खिडकीला पडदा म्हणून लावले आहे. त्यांनी त्याच क्षणी विचारले होते, की यात लाल किती घातलात? मास्तर म्हणाले, वीस-बावीस ग्रॅम. ताईंनी त्यानंतर दोनदा लेखी विचारणा केली आहे. कापड पोचले, प्रमाण अद्याप येणे आहे.